आपत्तीनंतरचे घर : अनुदान, ग्रामपंचायत आणि आपली जबाबदारी

भूकंप, महापूर, दरड कोसळणे, चक्रीवादळ अशा आपत्ती आल्या म्हणजे पहिले काही दिवस सर्व समाज धावून जातो. धान्य, कपडे, भांडी आणि पैसा यांचा ओघ सुरू होतो. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, मंत्र्यांचे दौरे होतात, मदतफेऱ्या निघतात. हे सर्व आवश्यकच आहे व त्यामागची भावनाही आदरणीय आहे. परंतु महिना-दोन महिन्यांनी हा ओघ आटतो आणि नेमके त्याच वेळी आपद्ग्रस्त कुटुंबाचे सर्वांत अवघड काम सुरू होते. ते काम म्हणजे पडलेले घर पुन्हा उभे करणे. या कामाला काही आठवडे नव्हे, तर दोन-तीन आणि कधी कधी पाच वर्षेही लागतात. या काळात आपद्ग्रस्ताची गाठ दात्यांशी पडत नाही. ती पडते ग्रामपंचायत, तलाठी, तहसील कार्यालय आणि बँक यांच्याशी.

मी बँकेत लिपिक म्हणून काम करतो. सरकारी अनुदानाचा लांबचा प्रवास शेवटी आमच्या खिडकीपाशी येऊन संपतो. त्यामुळे अनुदान कोठे अडते, कोणाचे अडते आणि का अडते, हे रोजच्या कामात दिसत राहते. ज्यांचे अडते त्यांत भूमिहीन मजूर, विधवा भगिनी, गायरानावर राहणारी कुटुंबे यांची संख्या मोठी असते, हे आपल्या संस्थेच्या सभासदांना वेगळे सांगण्याची गरज नाही. म्हणून या विषयाचा भावनेपेक्षा अभ्यासाच्या दृष्टीने विचार व्हावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे. विद्यार्थी मित्रांनी तो हातात पेन्सिल घेऊन वाचावा, ही विनंती.

किल्लारीचा धडा

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या विषयाचे सर्वांत मोठे पाठ्यपुस्तक म्हणजे किल्लारीचा भूकंप होय. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत धरणी हादरली. आठ हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता जगातील इतर मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यमच होती. तरीही एवढी माणसे गेली, याचे मुख्य कारण तेथील घरांत होते. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. उन्हाळ्यात ती थंड राहत. पण हादरा बसताच भिंतीचे आतले व बाहेरचे दगडी थर एकमेकांपासून सुटले आणि झोपेतल्या माणसांवर कोसळले. कित्येक ठिकाणी आतले लाकडी खण उभे राहिले आणि भिंती मात्र ढासळल्या.

त्यानंतर राज्य सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. त्यासाठी सुमारे २४ कोटी ६० लाख डॉलरचे कर्ज मंजूर झाले. गावांची तीन गटांत विभागणी करण्यात आली. ‘अ’ गटातील ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. ‘ब’ गटातील गावांत आहे त्याच जागी घरे नव्याने बांधायची होती. ‘क’ गटात हानी कमी होती. तेथे घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे होते. हा तिसरा गट सर्वांत मोठा होता. अनेक जिल्ह्यांत पसरलेली दोन लाखांच्या आसपास घरे त्यात होती.

‘अ’ गटात घरे सरकारने आणि दानशूर संस्थांनी बांधून दिली. ‘क’ गटात मात्र लोकांच्या हाती पैसा व साहित्य देऊन त्यांनीच काम करावे, अशी पद्धत ठेवली होती. मदत टप्प्याटप्प्याने मिळे आणि अभियंत्याने काम पाहिल्यावर पुढचा टप्पा सुटे. लोकांना ही पद्धत समजावून सांगण्यासाठी गावातील महिला मंडळांमधून ‘संवाद सहायक’ नेमण्यात आल्या. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मार्गदर्शनाखाली हे काम हजाराहून अधिक गावांत चालले. ज्या बायकांनी कधी ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती, त्या सिमेंट किती लागते, भिंतीला पट्टा कोठे घालायचा, पुढचा हप्ता का थांबला, हे गावाला सांगू लागल्या. सरकारी यंत्रणा आणि घर यांच्यामध्ये समजावून सांगणारे माणूस लागते, हा किल्लारीचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा अधिक कडू आहे. ‘अ’ गटात घराचे आकारमान कुटुंबाच्या गरजेवर नव्हे, तर जमिनीवर ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० चौरस फुटांचे आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फुटांचे घर, असे ते कोष्टक होते. शेतकऱ्याला अवजारे, धान्य, जनावरे यांसाठी जागा लागते, असे त्याचे समर्थन करता येते व ते अगदीच चूक नाही. परंतु सहा माणसांच्या मजूर कुटुंबाला आणि तेवढ्याच माणसांच्या बागायतदार कुटुंबाला झोपायला जागा सारखीच लागते. घराच्या आकारानुसार भूखंडांच्या रांगा पडल्या, तेव्हा सातबाऱ्यावरची विषमता नव्या गावाच्या नकाशातही उतरली. निकष कागदावर तटस्थ दिसतो. तो कोणावर कसा पडतो, हे मात्र गावातच कळते. म्हणून अनुदानाचा निकष जाहीर होताच तो वाचून, त्याचा आपल्या वस्तीवर काय परिणाम होईल हे त्याच आठवड्यात मांडले पाहिजे. घरे बांधून झाल्यावर त्यावर चर्चा करण्यात अर्थ नसतो.

गुजरातेत २६ जानेवारी २००१ रोजी झालेल्या भूकंपानंतर लोकांनीच आपले घर बांधावे, सरकारने पैसा व तांत्रिक मदत द्यावी, ही पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवण्यात आली. अनुदान हप्त्यांनी थेट बँक खात्यात जमा होई आणि अभियंत्याच्या तपासणीनंतरच पुढचा हप्ता मिळे. आज देशभर घरकुल योजनांत हीच रीत रूढ झाली आहे. त्यामुळे कंत्राटदाराच्या हाती सर्व सूत्रे जाण्याचा धोका कमी झाला, हे चांगले झाले. पण त्याबरोबर कागदपत्रे आणि खाते यांची सारी जबाबदारी त्या कुटुंबावर येऊन पडली, ही त्याची दुसरी बाजू आहे.

कायदा काय सांगतो

घटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, म्हणजे किल्लारीच्या भूकंपाआधी अवघे पाच महिने. त्या दुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या परिशिष्टात पंचायतींकडे सोपवण्यायोग्य २९ विषय दिले असून ग्रामीण गृहनिर्माण हा त्यांपैकी एक आहे. परंतु त्या वेळी ग्रामपंचायतींजवळ ना माणसे होती ना अनुभव. साहजिकच पुनर्वसनाचा कारभार वरूनच चालला.

आज परिस्थिती बदललेली आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात आणि स्थानिक स्वराज्य संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी सहअध्यक्ष असतो. याच कायद्याच्या कलम ४१ मध्ये मदत, पुनर्वसन आणि पुनर्बांधणीची कामे करणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. ‘हे आमच्याकडे येत नाही, तहसीलला विचारा,’ असे उत्तर ग्रामपंचायतीत मिळाले तर या कलमाची आठवण नम्रपणे करून द्यावी.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम म्हणजे ६१ वे. आपत्तीग्रस्तांना भरपाई व मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, असे ते स्पष्ट सांगते. मदत मिळवण्यासाठी खोटा दावा करणे (कलम ५२) आणि मदतीच्या पैशाचा किंवा साहित्याचा अपहार करणे (कलम ५३) हे शिक्षापात्र गुन्हे आहेत. ही तिन्ही कलमे विद्यार्थ्यांनी पाठ करावीत इतकी उपयोगाची आहेत. मात्र बावन्नावे कलम आपल्यालाही लागू आहे, हे विसरू नये. शेजाऱ्याच्या भल्यासाठी म्हणून लिहिलेली खोटी नोंदसुद्धा खोटीच असते आणि ती उघडकीस आली की साऱ्या वस्तीच्या खऱ्या दाव्यांवर संशय येतो.

या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका विचाराची आठवण होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना त्यांनी खेडे हा नव्हे, तर व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते. आपत्तीनंतरच्या अनुदानाला हा विचार तंतोतंत लागू पडतो. ‘गावाला पाच कोटी मिळाले’ या वाक्याला काही अर्थ नाही. गावाच्या टोकाला राहणाऱ्या एकट्या म्हातारीला तिचे घर मिळाले की नाही, यावरच त्या पाच कोटींचा हिशेब करायला हवा. ग्रामपंचायत सबळ झाली पाहिजे हे खरे; परंतु तिची परीक्षा शेवटच्या घरावरूनच झाली पाहिजे.

एका शब्दाची किंमत

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देण्याचे निकष केंद्र सरकार ठरवते. या निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांतील घरांविषयीचे आकडे असे होते. पूर्णपणे पडलेल्या घरास, मग ते पक्के असो वा कच्चे, सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ प्रदेशात १,३०,००० रुपये. किमान १५ टक्के हानी झालेल्या पक्क्या घरास ६,५०० रुपये आणि तशाच कच्च्या घरास ४,००० रुपये. नष्ट झालेल्या झोपडीस ८,००० रुपये. घराला जोडलेल्या गोठ्यास ३,००० रुपये. याशिवाय घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली राहिले, तर कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये. राज्य सरकार स्वतःच्या तिजोरीतून याहून अधिक देऊ शकते व काही वेळा तसे दिलेही गेले आहे.

किल्लारीच्या कोष्टकाशी तुलना केली तर येथे जमिनीची अट नाही, ही मोठी सुधारणा आहे. परंतु हे आकडे नीट पाहावेत. कच्चे घर पूर्ण पडले तर १,२०,००० रुपये आणि झोपडी नष्ट झाली तर ८,००० रुपये. फरक १,१२,००० रुपयांचा. मातीच्या भिंती आणि वर पत्रा असलेले घर पंचनाम्यात ‘कच्चे घर’ म्हणून लिहिले जाते की ‘झोपडी’ म्हणून, यावर हा फरक अवलंबून आहे. निकषांनुसार झोपडी म्हणजे कच्च्या घराहूनही हलका, गवत, माती, प्लॅस्टिक इत्यादींचा तात्पुरता निवारा. जोत्यावर उभ्या केलेल्या भिंतींचे घर झोपडी ठरत नाही. तसेच तीन भिंती गेल्या आणि एक उभी राहिली म्हणून घराला ‘अंशतः पडझड’ असे लिहिले, तर १,२०,००० च्या जागी ४,००० रुपये हाती येतात.

उदाहरणादाखल एक गाव घेऊ. तेथे ६० घरे पूर्ण पडली, ४० पक्क्या व ५० कच्च्या घरांची अंशतः हानी झाली आणि १५ झोपड्या गेल्या. हिशेब असा होतो : ६० घरांचे ७२,००,०००; ४० पक्क्या घरांचे २,६०,०००; ५० कच्च्या घरांचे २,००,०००; १५ झोपड्यांचे १,२०,०००. एकूण ७७,८०,००० रुपये. आता समजा, त्या पंधरा झोपड्यांपैकी दहा खरोखर कच्ची घरे होती. मग त्या दहा कुटुंबांचे मिळून ११,२०,००० रुपये एका शब्दामुळे गेले. यात कोणी पैसे खाल्ले असे नाही. पावसात, घाईत, वस्तीत आत न शिरता रस्त्यावरून पंचनामा झाला, एवढेच.

याच निकषांत आणखी एक अट आहे. पडलेले घर हे अधिकृत बांधकाम असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले असावे, अशी ती अट. गावठाणातल्या घराला ती अडचण ठरत नाही. परंतु गावाबाहेर, गायरानात, ओढ्याकाठी पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांचे काय? ओढ्याकाठची जागा गावाने कोणाच्या वाट्याला ठेवली, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. पूर तेथेच आधी येतो आणि कागदही तेथेच नसतो. या प्रश्नाचे पूर्ण उत्तर कायद्यात व धोरणात बदल झाल्यावरच मिळेल. तोपर्यंत आपल्या हाती आहे ते काम म्हणजे घराची नोंद करून घेणे.

नोंदीचे महत्त्व

ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ मध्ये गावातील घरांची कर आकारणीसाठी नोंद असते. कर भरला म्हणजे जागेची मालकी सिद्ध होते असे नाही, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. परंतु त्या ठिकाणी घर होते, त्याच्या भिंती व छप्पर कशाचे होते, त्याचे माप काय होते आणि त्यात कोण राहत होते, याचा हा सरकारी पुरावा असतो. पंचनाम्याच्या वेळी वाद निर्माण झाला, तर हाच उतारा कामी येतो. घरपट्टीच्या भीतीने कित्येक जण नोंद करून घेत नाहीत. वर्षाकाठी काही रुपये वाचतात खरे. पण घर पडल्यावर ते घर होते हे सिद्ध करता येत नाही.

वडील वारून दहा वर्षे झाली तरी नोंद त्यांच्याच नावावर, असेही पुष्कळदा आढळते. तीन भाऊ वेगळे राहतात, तीन चुली आहेत. पण नमुना ८ मध्ये घर एकच. अशा वेळी अनुदान एकाच घराचे मिळते आणि भावाभावांत वैर सुरू होते. वारसनोंद आणि विभक्त घरांच्या नोंदी शांततेच्या काळातच करून घेतल्या पाहिजेत. आपत्ती आल्यावर केलेला असा अर्ज खरा असला तरी संशयास्पद वाटतो.

विधवा भगिनींच्या बाबतीत हा मुद्दा अधिक गंभीर आहे. घर सासऱ्याच्या नावावर, नवरा वारलेला, अशा बाईचे नाव कोठेच नसते. पती-पत्नी दोघांच्या नावे घराची नोंद हा त्यावरचा चांगला उपाय आहे. आज घरकुल योजनांत त्याला प्रोत्साहनही मिळते. आपण सवलतीची वाट न पाहता, ग्रामपंचायतीत साधा अर्ज करून पत्नीचे नाव लावून घ्यावे.

बँकेच्या खिडकीवर

आता माझ्या रोजच्या कामातल्या काही गोष्टी सांगतो. अनुदान थेट खात्यात येते, म्हणजे सर्व सोपे झाले असा समज आहे. प्रत्यक्षात अडचणींचे स्वरूप बदलले आहे.

पहिली अडचण नावाची. नमुना ८ मध्ये एक नाव, आधारवर दुसरे आणि पासबुकावर तिसरे. माहेरचे नाव, सासरचे नाव, नुसते ‘बाई’ जोडलेले किंवा गाळलेले. माणूस एकच असतो. पण संगणकाला ते कळत नाही. यादी मंजूर होते आणि रक्कम परत जाते. या तिन्ही कागदांवरचे नाव जुळते की नाही, हे आजच पाहून घ्यावे.

दुसरी अडचण निष्क्रिय खात्याची. दोन वर्षे खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय होते व ते पुन्हा सुरू करून घेण्यासाठी ओळखीची कागदपत्रे द्यावी लागतात. पुरात घर वाहून गेलेल्या माणसाकडे नेमकी तीच नसतात. वर्षातून एकदा तरी शंभर रुपये भरून किंवा काढून खाते चालू ठेवावे. २०१४ पासून जनधन योजनेत उघडलेली पुष्कळ खाती अशीच पडून असतात.

तिसरी अडचण जुन्या कर्जाची. घरासाठी आलेली रक्कम थकलेल्या कर्जात वळती होते की काय, ही भीती लोकांच्या मनात असते. आपत्तीच्या मदतीविषयीच्या राज्य सरकारच्या निर्णयांत मदतीच्या रकमेतून वसुली करू नये अशी सूचना बहुधा असते. त्या शासन निर्णयाची प्रत काढून शाखा व्यवस्थापकांना लेखी अर्जासोबत द्यावी व पोच घ्यावी. तोंडी सांगणे हा पुरावा नव्हे. शाखेत रोज अनेक निर्णय येत असतात; आपल्या खात्याला कोणता लागू आहे हे आपणच दाखवले, तर काम लवकर होते.

चौथी अडचण वारसाची. खातेदार आपत्तीत दगावला आणि खात्याला नामनिर्देशन नसेल, तर वारसांना लांबची प्रक्रिया करावी लागते. नामनिर्देशित व्यक्तीला बँक रक्कम देते. पण ती रक्कम वारसांच्या वतीने ताब्यात येते, तिची एकट्याची होत नाही, हेही लक्षात ठेवावे. नामनिर्देशनाचा अर्ज विनामूल्य असून तो भरायला पाच मिनिटे लागतात.

हप्ता आणि बांधकाम

अनुदान हप्त्यांनी मिळते यामागे कारण आहे. पैसा एकदम हाती आला तर आजारपण, लग्न, सावकाराचे देणे यांत तो जातो आणि घर जोत्यावरच राहते. हप्त्यांमुळे पैसा घरातच मुरतो. मात्र तपासणीला अभियंता वेळेवर आला नाही तर काम थांबते, मजूर दुसरीकडे जातात आणि साहित्याचे भाव वाढतात. येथे ग्रामपंचायत खरोखर मदत करू शकते. कोणत्या घराचे काम कोणत्या टप्प्यावर आहे याचा एक तक्ता करावा आणि दर पंधरवड्याला दहा-वीस घरांची तपासणी एकाच दिवशी ठेवण्याची मागणी पंचायत समितीकडे करावी. एकेकट्याने हेलपाटे घालण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

अनुदानाचे घर मोठे असण्यापेक्षा मजबूत असणे महत्त्वाचे. भूकंपाच्या प्रदेशात जोत्याच्या पातळीवर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली भिंतीभोवती सलग सळईचा काँक्रीटचा पट्टा घातला म्हणजे चारही भिंती एकमेकींना धरून राहतात. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड घातला, तर तिचे दोन थर सुटत नाहीत. सिमेंटच्या कामाला किमान सात ते दहा दिवस पाणी मारलेच पाहिजे. पूरग्रस्त भागात जोते मागच्या पुराच्या खुणेपेक्षा उंच घ्यावे. यांपैकी बऱ्याच गोष्टींना पैशापेक्षा माहितीच जास्त लागते. किल्लारीनंतर ‘क’ गटातील अनेकांनी जुन्या दगडी घराची डागडुजी करण्याऐवजी त्या पैशांत पट्टे घातलेली एक लहान नवी खोली बांधली. मोठ्या घरातली ती एक सुरक्षित खोली, हा त्यांचा विचार शहाणपणाचा होता.

एका अनुदानात घर पुरे होत नाही, हेही खरे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. प्रधानमंत्री आवास योजना आहे. शौचालयासाठी वेगळी तरतूद असते. यांपैकी काय एकत्र मिळू शकते व काय मिळू शकत नाही, हे ग्रामपंचायतीने लेखी विचारून फलकावर लावावे. गावाला रस्ते, पाणी, शाळा यांसाठी मिळालेल्या निधीची कीर्दही वेगळी ठेवावी. पुनर्बांधणीचा पैसा नेहमीच्या खर्चात मिसळला, की उपयोगिता प्रमाणपत्र देता येत नाही आणि पुढचा निधी थांबतो.

आपण काय करावे

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर भागात पावसाने जो हाहाकार केला, त्यात धाराशिव, लातूर, बीड हे जिल्हेही होते. ज्या भागाने भूकंप पाहिला त्याच भागाने महापूरही पाहिला. पुढची आपत्ती कोठे येईल हे सांगता येत नाही. पण तयारी कोणती करावी हे मात्र सांगता येते. आपल्या संस्थेसारख्या संस्थांना मोठा निधी उभारणे जमेलच असे नाही. पुढील पाच कामांना मात्र फारसा निधी लागत नाही.

पहिले काम वस्तीच्या नोंदवहीचे. प्रत्येक घराला क्रमांक देऊन कुटुंबप्रमुख, माणसे, भिंती व छपराचा प्रकार, माप, नमुना ८ मधील नोंद, खाते आहे की नाही, हे लिहावे आणि घराचे समोरून व आतून छायाचित्र काढावे. दुसरे काम, नावातील तफावत असलेल्यांचे अर्ज भरून देणे. तिसरे, महत्त्वाच्या कागदांची एक प्रत नातेवाइकाकडे किंवा संस्थेच्या कपाटात सुरक्षित ठेवणे. चौथे, आपत्ती आलीच तर पंचनाम्याच्या वेळी तलाठ्याबरोबर, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याबरोबर, वस्तीतील दोन जाणत्या व्यक्तींनी हिंडणे. हिंडताना भांडण करायचे नाही. घर दाखवायचे, नोंदवही दाखवायची आणि लिहिलेले वाचून मगच सही किंवा अंगठा करायचा. पाचवे, लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी असा आग्रह धरणे. त्याआधी होणाऱ्या महिलांच्या सभेत ती वाचली गेली तर अधिक उत्तम, कारण कोणाची चूल वेगळी आहे हे बायकांना बरोबर माहीत असते. नाव सुटले असेल तर लेखी हरकत घेऊन पोच घ्यावी आणि उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली माहिती मागवावी.

वीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी दहा घरे घेतली, तर दोनशे घरांची वस्ती दोन रविवारांत नोंदवून होते. बी.ए., बी.कॉम.ची मुले हे काम सहज करू शकतात आणि त्यांना पुस्तकात न मिळणारे शिक्षणही त्यातून मिळते. संस्थेने पुढील पावसाळ्यापूर्वी निदान एका वस्तीत हा प्रयोग करावा. अर्ज, नमुने आणि बँकेची कागदपत्रे भरून देण्याच्या कामी रविवारचा अर्धा दिवस देण्याची माझी तयारी आहे. माझ्यासारखे बँकेत, तहसीलमध्ये, पंचायत समितीत आणि शाळांत नोकरी करणारे सभासद आपल्यात पुष्कळ आहेत. रोज ज्या कागदांवर आपण पोट भरतो, त्या कागदांचे ज्ञान ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी महिन्याचा एक रविवार दिला तरी पुष्कळ होईल. ज्यांना या कामात यायचे असेल त्यांनी आपले नाव संस्थेच्या चिटणीसांकडे द्यावे, म्हणजे पहिली वस्ती कोणती घ्यायची हे पुढच्याच सभेत ठरवता येईल.